पाळीव कुत्र्यांस कच्चे मांस घालावे काय?

शेतकऱ्याच्या दाराशी असणाऱ्या जनावरांपैकी बैल, गाय, म्हैस व शेळी ह्यांच्या चाऱ्यापाण्याविषयी जितका विचार होतो, त्याचा दहावा हिस्साही कुत्र्याच्या अन्नाविषयी होत नाही. घरात उरलेसुरले त्याच्या पुढे टाकावे, बाकीचे त्याने आपले आपण शोधावे, अशी पूर्वापार वहिवाट आहे. वास्तविक रात्री वस्तीवर, खळ्यावर व मोसंबीच्या बागेत जागणारा हा बिनपगारी राखणदार होय. रानडुकरांची चाहूल तोच प्रथम देतो व परक्या पावलाची वर्दी त्याच्याकडूनच मिळते. अशा प्राण्यास काय खाऊ घालावे हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. शिवाय पुढे दाखविल्याप्रमाणे कुत्र्याच्या तोंडी काय जाते ह्याचा संबंध आपल्या शेळ्यामेंढ्यांशी, दुभत्या जनावरांशी व थेट घरातील लेकराबाळांशी येऊन पोहोचतो. म्हणून ह्या विषयाचे थोडे सविस्तर विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

करमाड हे गाव छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २० किलोमीटरवर असून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील स्टेशन आहे. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत शेजारी वाढल्यापासून ह्या भागात शेत व शहर ह्यांमधील अंतर फार उरलेले नाही. त्याचा परिणाम कुत्र्यांवरही झालेला दिसतो. एकीकडे आखाड्यावर गावठी किंवा कारवानी जातीचे कुत्रे बांधलेले आढळते, तर दुसरीकडे मुलाने शहरातून आणलेला लॅब्राडोर वा जर्मन शेफर्ड ओसरीवर बसलेला दिसतो. पहिल्यास भाकरी व खाटकाकडील वजडी मिळते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र "कुत्रा हा मूळचा मांसाहारी, त्यास शिजविलेले अन्न घालणे निसर्गाविरुद्ध आहे, कच्चे मांस व कच्ची हाडेच घालावीत" असा नवा उपदेश ऐकू येऊ लागला आहे. मोठ्या शहरांत असे गोठविलेले कच्चे खाद्य पुड्यांत विकलेही जाते. वजडी फेकणारा सालगडी व पुडा फोडणारा हौशी मालक ह्या दोघांचे कृत्य दिसावयास निराळे असले, तरी शास्त्रदृष्ट्या ते एकच होय. आणि त्याचा विचारही एकत्रच केला पाहिजे.

कच्च्या आहाराचा पक्ष

प्रथम ह्या मताची बाजू न्यायाने मांडू. ऑस्ट्रेलियातील इयान बिलिंगहर्स्ट नामक पशुवैद्याने १९९३ साली एक पुस्तक लिहून कुत्र्यांस कच्ची मांसल हाडे, कच्चे मांस व थोडा भाजीपाला घालावा असे प्रतिपादन केले, व तेथून हे मत जगभर पसरले. त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, लांडगा हा कुत्र्याचा पूर्वज असून तो चूल पेटवीत नाही. कच्च्या आहारावर कुत्र्याचे केस तुकतुकीत होतात, दात स्वच्छ राहतात, शेण थोडे व घट्ट पडते आणि जनावर तरतरीत दिसते.

ह्यांतील काही गोष्टी अनुभवास येतात हे नाकारण्यात अर्थ नाही. मांसात चरबी भरपूर असल्यामुळे केसांस तकाकी येते. मांस पचून त्याचा चोथा फारसा उरत नाही, म्हणून शेण कमी पडते. हाड चघळल्याने दातांवरील कीट काही अंशी निघते. परंतु हे सर्व गुण मांसाचे, चरबीचे व चघळण्याचे आहेत, कच्चेपणाचे नव्हेत. तेच मांस शिजवून घातले असता केसांची तकाकी कमी होत नाही. कच्चेपणामुळे म्हणून जो खास लाभ सांगितला जातो, तो सिद्ध करणारा भक्कम पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. उलट कच्चेपणामुळे होणारे अपाय मात्र पुष्कळ ठिकाणी नोंदले गेले आहेत. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ साली कुत्र्यामांजरांस कच्चे मांस, अंडी व दूध घालू नये असा स्पष्ट अभिप्राय दिला, तो ह्याच कारणास्तव होय.

लांडगा निराळा, कुत्रा निराळा

लांडग्याचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. कुत्रा माणसाच्या आश्रयास येऊन निदान चौदा हजार वर्षे होऊन गेली. तो माणसाच्या चुलीशेजारी वाढला, आणि त्याचे पोटही त्या चुलीप्रमाणे बनत गेले. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली कुत्रा व लांडगा ह्यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचविणारा पाचकरस तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यात मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. अर्थात धान्य पचविण्याची शक्ती कुत्र्यास पिढ्यान्‌पिढ्या आपल्या संगतीत मिळालेली आहे.

आपल्याकडे हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज पडू नये. नामदेव महाराजांच्या प्रसिद्ध कथेतील कुत्र्याने तोंडात धरून पळविली ती भाकरीच, आणि महाराज त्यामागे धावले ते तुपाची वाटी घेऊन. मराठी मुलखातील कुत्रे शेकडो वर्षे भाकरीवर जगत आले आहे. मात्र ध्यानात ठेवावे की, कुत्र्यास पचते ते भाजलेले वा शिजलेले धान्य. कच्च्या पिठातील पिष्ट त्याच्या पोटात नीट पचत नाही व जुलाब होतात. तेव्हा भाकरी असो की कण्या असोत, त्या पुरत्या शिजलेल्याच असाव्यात.

आणखी एक मुद्दा. रानातील लांडगा नुसते मऊ मांस खात नाही. तो शिकारीचे हाड, काळीज, आतडी असे सर्व खातो. माणूस मात्र कुत्र्यासमोर बिनहाडाचे तुकडे टाकतो. अशा मांसात स्फुरद भरपूर व कॅल्शियम नाममात्र असते; प्रमाण सुमारे पंधरावीस भाग स्फुरदास एक भाग कॅल्शियम इतके विषम पडते. कुत्र्याच्या शरीरास तर ही दोन द्रव्ये जवळजवळ समप्रमाणात, किंबहुना कॅल्शियम थोडे अधिक, लागतात. वाढत्या पिल्लास काही आठवडे नुसते मांस घातले, तर रक्तातील तूट भरून काढण्यासाठी शरीर आपल्याच हाडांतील चुना ओढून घेते. मग पाय वाकतात, पिल्लू लंगडते व किरकोळ उडीनेही हाड मोडते. मोठ्या जातींच्या पिल्लांत हा दोष लवकर दिसतो. "इतके मांस घालतो, तरी पिल्लू पायात कमजोर का?" ह्या कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

हाडांविषयीही दोन शब्द. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार ढलप्या पडतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात. म्हणून ते कधीच घालू नये. कच्चे हाड त्या मानाने कमी फुटते, हे खरे. परंतु त्यानेही दात तुटतात, आणि गिळलेला तुकडा अडकल्यास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

घरात शिरणारा धोका

आता मुख्य गोष्टीकडे वळू. बोकड, मेंढा किंवा म्हैस कापल्यावर तिच्या यकृतात वा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या पिशव्या आढळतात. खाटीक त्या कापून बाजूला टाकतो व कुत्रे त्या उचलते. ह्या पिशव्या म्हणजे एका सूक्ष्म पट्टकृमीची बाल्यावस्था होय. त्यास वैद्यकात हायडॅटिड रोग म्हणतात. कुत्र्याने ती पिशवी कच्ची खाल्ली की तिच्यातील असंख्य अंकुर त्याच्या आतड्यास चिकटतात, आणि सुमारे सहासात आठवड्यांत त्यांचे दोन ते सात मिलिमीटर लांबीचे जंत तयार होतात. कुत्र्यास त्याचा त्रास फारसा होत नाही. ते धष्टपुष्टच दिसते. परंतु त्याच्या शेणातून जंतांची अंडी बाहेर पडू लागतात. ती गवतावर, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात, हौदाच्या काठावर व कुत्र्याच्या केसांवर राहतात. तेथून ती शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात, तशीच कुत्र्यास कुरवाळून न धुतलेल्या हातांनी घास घेणाऱ्या मुलाच्याही पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तीच पिशवी वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहते, व बहुधा पुष्कळ वर्षांनी दुखणे उघडकीस येते. तेव्हा दीर्घकाळ औषध किंवा शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो. आणि पिशवी पोटात फुटली, तर जिवावर बेतते.

हा फेरा तोडता येतो काय? येतो, आणि तो शेतकऱ्यांनीच तोडल्याचे उदाहरण जगापुढे आहे. आइसलँड हे मेंढपाळांचे बेट. तेथे एकोणिसाव्या शतकात ह्या रोगाने कहर केला होता. हाराल्ड क्राब्बे ह्या डॅनिश पशुवैद्याने तेथे जाऊन कुत्री तपासली, तेव्हा शंभरातील अठ्ठावीस कुत्र्यांत हा जंत निघाला. १८६४ साली त्याने साध्या भाषेत एक लहानशी पुस्तिका लिहिली व ती घरोघर फुकट वाटण्यात आली. तीत सांगितलेले मुख्य सूत्र एकच: रोगट काळजे व फुप्फुसे जाळा किंवा पुरा, कुत्र्यास ती कच्ची मिळू देऊ नका. पुढे १८६९ व १८९० साली कायदेही झाले. परंतु कायद्याच्या आधी लोकांस वाचून कळले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. न्यूझीलंडनेही १९५९ च्या कायद्यापासून कुत्र्यांस कच्ची वजडी घालण्यास बंदी व नियमित जंतनाशक औषध हाच मार्ग धरला, आणि २००२ साली तो देश ह्या रोगापासून तात्पुरता मुक्त म्हणून जाहीर झाला.

आपल्याकडे कंदुरीच्या दिवशी, जत्रेत किंवा नवस फेडताना घरीच बोकड कापले जाते आणि टाकाऊ भागांभोवती गावची कुत्री जमतात. हे दृश्य इतके सवयीचे आहे की त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु रोगाचा फेरा चालू राहतो तो ह्याच ठिकाणी. त्या दिवशी दोन हात खोल खड्डा काढून टाकाऊ भाग त्यात पुरावेत, वर चुना घालून दगड रचावेत. एवढ्या श्रमाने पुष्कळ साधते.

गोठ्यास व कोंबडवाड्यास अपाय

कच्च्या मांसातून कुत्र्यास होणाऱ्या दुसऱ्या एका पट्टकृमीची पिशवी शेळीमेंढीच्या मेंदूत वाढते. असे जनावर मान वाकडी करून एकाच बाजूस गोल गोल फिरू लागते व शेवटी मरते. मेलेल्या जनावराचे डोके कुत्र्यापुढे टाकले की पुढील वर्षाच्या रोगाची पेरणी होते.

दुभत्या जनावरांच्या मालकाने तर विशेष सावध राहिले पाहिजे. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी गाईम्हशींत गाभ टाकण्यास कारण होतो. कुत्रा हा त्याचा मुख्य आश्रयदाता आहे, हे १९९८ साली सिद्ध झाले. कुत्र्याने रोगी गाईची वार किंवा टाकलेला गर्भ खाल्ला म्हणजे हा परोपजीवी त्याच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या शेणातून चाऱ्यावर व पाण्यात उतरतो. भारतातील गाईम्हशींच्या रक्ततपासणीतही ह्याच्या खुणा आढळल्या आहेत. गाय व्याली की वार कुत्र्यापुढे टाकणे ही आपली जुनी रीत. ती आजपासून सोडावी. वार व पडलेला गाभ हातमोजे घालून खोल पुरावा, आणि गव्हाणीत व चाऱ्याच्या गंजीवर कुत्र्यास बसू देऊ नये.

कोंबडीपालन करणाऱ्यांसही तेच सांगणे आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावला, आणि तपासणीत त्याच रोगाचे विषाणू आढळले. कोंबडीच्या मांसातून बाधा झाली असावी असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. वाघासारख्या खऱ्याखुऱ्या मांसाहारी जनावराचे जेथे असे होते, तेथे "निसर्गाने दिलेले ते निर्दोष" हे म्हणणे किती पोकळ आहे हे उघड दिसते. म्हणून शेडमधील मेलेली कोंबडी कुत्र्यास कदापि टाकू नये.

ह्याखेरीज साल्मोनेला, ई-कोलाय इत्यादि जंतू कच्च्या मांसात वारंवार आढळतात. कुत्रे स्वतः आजारी न दिसताही ते जंतू शेणातून पसरवीत असते, आणि ज्या विळीवर कुत्र्याचे मांस चिरले तिच्यावरच मागाहून कांदा चिरला जातो. इंग्लंडात २०१७ साली कुत्र्यांच्या कच्च्या खाद्याशी संबंध असलेल्या ई-कोलायच्या बाधेने काही माणसे आजारी पडली व त्यांतील एक दगावले. गोठविल्याने जंतांच्या पिशव्या मरतात, हे खरे. परंतु हे जंतू गोठवून मरत नाहीत, नुसते निजतात. म्हणून गोठविलेला पुडा हाही निर्धोक मानता येत नाही.

मग काय घालावे?

मांस घालू नये असे आमचे म्हणणे नाही. ते शिजवून घालावे. वजडी व काळीज घालावयाचे असल्यास बारीक तुकडे करून निदान अर्धा तास चांगले उकळावे; पिशव्या दिसणारा भाग मात्र उकळूनही न घालता पुरावा. त्याचप्रमाणे नुसत्या ताकभाकरीवर कुत्रे ठेवणे, हाही दुसऱ्या टोकाचा दोष आहे. अशा कुत्र्याचे पोट भरते, पण प्रथिने व स्निग्धांश कमी पडून केस गळतात, कातडी कोरडी होते, कुत्रीस दूध कमी येते.

सुमारे २० किलो वजनाच्या, वस्तीवर राखण करणाऱ्या मोठ्या कुत्र्यास दिवसास साधारण एक हजार ते अकराशे कॅलरी लागतात. त्यासाठी घरच्या जिनसांतून पुढील बेत बसविता येतो: ज्वारी किंवा बाजरीच्या १५० ग्रॅम पिठाच्या नीट भाजलेल्या भाकरी, शिजविलेले बिनहाडाचे मांस १०० ग्रॅम, उकडलेले अंडे एक, दही २५० ग्रॅम किंवा त्याऐवजी तेवढ्या दह्याचे लोणी न काढलेले घुसळण, करडईचे किंवा भुईमुगाचे तेल दोन चहाचे चमचे, थोडा शिजविलेला दुधी किंवा लाल भोपळा, आणि अंड्याचे कवच धुऊन, वाळवून केलेली बारीक पूड अर्धा चहाचा चमचा. ह्या पुडीने कॅल्शियमची तूट भरून निघते. दुधापेक्षा दही बरे, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दुधातील साखर पचत नाही. काळीज आठवड्यातून एकदाच व थोडे घालावे. हे अन्न दोन वेळांस विभागून द्यावे, आणि पाणी सदैव ठेवावे. कुत्र्याच्या बरगड्या हातास लागाव्यात पण डोळ्यांस दिसू नयेत, हे प्रमाण पाहून अन्न कमीजास्त करावे.

ज्यांच्या घरी मांस वर्ज्य आहे, त्यांनी मांसाऐवजी अंड्यांची संख्या वाढवावी किंवा पुरती शिजलेली डाळ व दही ह्यांचे प्रमाण वाढवावे. पिल्ले, गाभण व विलेल्या कुत्र्या ह्यांचा हिशेब मात्र निराळा असतो. त्यांच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून बेत ठरवावा, अथवा पिल्लांचे तयार संतुलित खाद्य आणावे.

कच्चे असे काही चालतच नाही काय? गाजर, काकडी व पिकलेली पपई थोड्या प्रमाणात अवश्य द्यावी. परंतु कांदा व लसूण कच्चा असो वा शिजलेला, तो कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. म्हणून आपल्या घरची मसालेदार भाजी वा रस्सा भाकरीवर ओतण्याची सवय टाकून द्यावी. द्राक्षे व बेदाणे हेही मूत्रपिंडास घातक आहेत. बाग असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

अन्नाबरोबर औषधाचाही नेम हवा. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध गुणकारी असून ते वजनाप्रमाणे पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. जे कुत्रे बाहेर हिंडून कच्चे खाते त्यास दर सहा आठवड्यांनी, आणि बांधलेल्या कुत्र्यास दर तीन महिन्यांनी देणे इष्ट. औषधानंतर दोन दिवसांचे शेण उचलून पुरावे. पिसाळरोगाची लस तर दरवर्षी चुकवूच नये.

तात्पर्य, कुत्र्यास कच्चे मांस घालावे काय, ह्या प्रश्नास आमचे उत्तर 'नाही' असे आहे. शहरातील बंगलेवाल्याने कच्चे घातले, तर धोका बहुधा त्याच्या घरापुरता राहतो. शेतकऱ्याची गोष्ट तशी नाही. त्याच्या कुत्र्याच्या पोटात गेलेले रान, गोठा, भाजीचा वाफा व मुलांचे ताट ह्या सर्वांतून फिरून परत येते. चुलीवर एक पातेले अधिक ठेवण्याचे व टाकाऊ भागांसाठी एक खड्डा काढण्याचे श्रम काही फार नव्हेत. आमच्या वाचकांनी आपल्या घरी ही वहिवाट पाडावी, सालगड्यास नीट समजावून सांगावी, आणि येत्या जत्रेपूर्वी गावच्या खाटकाशी व ग्रामपंचायतीशी बोलून टाकाऊ भाग पुरण्याची जागा मुक्रर करून घ्यावी, एवढीच विनंती आहे.